सर्पगंधेचं मूळ आणि मनाचं रसायन: वर्तनाचं जैविक स्पष्टीकरण कुठे टिकतं, कुठे घसरतं?

पाऊलवाट

बारावीला मानसशास्त्र शिकवते. 'वर्तनाचा जैविक दृष्टिकोन' हा भाग झाला की उत्तरपत्रिकांत एक वाक्य हमखास येतं: "सेरोटोनिन कमी झाल्यामुळे नैराश्य येते." (सेरोटोनिन म्हणजे मेंदूतल्या पेशींमध्ये निरोप पोचवणारं एक रसायन.) मुलांना तरी काय बोलणार! गाइडमध्ये तेच छापलेलं असतं, व्हॉट्सॅपवर तेच फिरतं, आणि गोळ्या घेणाऱ्या कित्येकांना दवाखान्यातही तेवढंच सांगितलं जातं. हे वाक्य आलं कुठून, याचा माग काढत गेलं की आपण आपल्याच मातीतल्या एका झुडपापाशी येऊन पोचतो. ती हकीकत इथे मांडते, कारण जैविक दृष्टिकोनाचं बळ आणि त्याची घसरण, दोन्ही त्या एकाच हकिकतीत आहेत.

झुडूप सर्पगंधेचं. वैद्यांना ते पूर्वापार माहीत होतं. बिहारमध्ये मुळीला 'पागल की दवा' म्हणत. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ही मुळी उन्मादावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर गुणकारी असल्याचं प्रसिद्ध केलं. जगाचं लक्ष मात्र वेधलं गेलं ते मुंबईमुळे. इथले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरच्या चाचणीचा अहवाल १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला. तीन वर्षांत स्वित्झर्लंडमधल्या सीबा कंपनीने मुळीतून रिसर्पिन हे औषधी द्रव्य वेगळं काढलं. १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णालयातल्या रुग्णांना देऊन पाहिलं. क्षुब्ध रुग्ण शांत होत होते. १९५७ च्या लास्कर या वैद्यकीय संशोधनाच्या पुरस्काराच्या मानकऱ्यांत वकील आणि क्लाइन दोघेही आहेत.

आता नीट लक्ष द्या, कारण इथून दोन वाटा फुटतात.

पहिली वाट. १९५५ मध्ये अमेरिकेत ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेत दिसलं की रिसर्पिन दिल्यावर प्राण्यांच्या मेंदूतला सेरोटोनिनचा साठा रिकामा होतो. रक्तदाबासाठी रिसर्पिन घेणारे काही रुग्ण उदास झाल्याच्या नोंदीही येत होत्या. त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयाच्या रुग्णांना इप्रोनियाझिड हे नवं औषध मिळू लागलं आणि त्यातले बरेच अंथरुणाला खिळलेले रुग्ण हुरूप येऊन हसूबोलू लागले. हे औषध सेरोटोनिनसारख्या रसायनांचं विघटन रोखतं. मग दोन्ही निरीक्षणांची सांगड घातली गेली: साठा रिकामा झाला की माणूस खचतो, टिकला की उभारी धरतो, म्हणजे नैराश्य हे या रसायनांच्या कमतरतेमुळेच येत असणार. १९६५ मध्ये शिल्डक्राउट यांनी नॉरएपिनेफ्रिन या अशाच दुसऱ्या रसायनाच्या बाजूने ही मांडणी केली, १९६७ मध्ये कॉपेन यांनी सेरोटोनिनच्या. हाच मोनोअमाइन सिद्धांत.

दुसरी वाट. स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी सशांना रिसर्पिन दिलं. ससे निपचित पडले. मग त्यांना सेरोटोनिन ज्यापासून बनतं तो पदार्थ टोचला, पण फरक पडला नाही. डोपामिन हे मेंदूतलं दुसरं रसायन ज्यापासून बनतं ते एल-डोपा टोचल्यावर मात्र ससे थोड्याच वेळात हिंडूफिरू लागले. हे १९५७ चं काम. ज्याची उणीव भासत होती ते डोपामिन निघालं, आणि ते हालचालीशी निगडित होतं. मग कंपवाताच्या (पार्किन्सनच्या) रुग्णांतही हेच बिघडलेलं असेल का? व्हिएन्नाच्या होर्निकेविच यांनी या प्रश्नाचं उत्तर तर्काने दिलं नाही. त्यांनी कंपवाताने मरण पावलेल्यांचे मेंदू तपासले, आणि १९६० मध्ये दाखवून दिलं की मेंदूच्या नेमक्या एका भागात डोपामिन खरोखरच फार घटलेलं असतं. वर्षभरात रुग्णांना एल-डोपा टोचून पाहिलं गेलं. आजही कंपवातावरचा तो मुख्य उपचार आहे. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं.

झुडूप एक, औषध एक, तर्काची पद्धतही एकच. कंपवाताच्या बाबतीत मेंदूत जाऊन पाहिलं आणि कमतरता सापडली. नैराश्याच्या बाबतीत गेली पन्नास-साठ वर्षं पाहणं चालू आहे आणि तशी सातत्याने दिसणारी कमतरता सापडलेली नाही. २०२२ मध्ये मॉन्क्रीफ आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध आढाव्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हाही हाती तेच आलं. तरी आपल्या पुस्तकांत 'डोपामिन घटल्याने कंपवात' आणि 'सेरोटोनिन घटल्याने नैराश्य' ही दोन्ही विधानं एकाच पानावर, एकाच वजनाने छापलेली असतात. माझं म्हणणं एवढंच आहे: जैविक दृष्टिकोन शिकवायचा तर कुठलं स्पष्टीकरण तपासून झालंय आणि कुठलं औषधाच्या परिणामावरून उलटं ओढून आणलंय, हा फरक पहिल्या दिवसापासून शिकवायला हवा.

रानजाई

फार छान मांडलंत ताई. वनस्पतिशास्त्राच्या बाजूने थोडी भर.

सर्पगंधा कोकणात आणि सह्याद्रीच्या ओलसर सावलीत आढळते. गुडघ्याएवढं झुडूप, पांढरी-गुलाबी फुलं, लालबुंद देठ, आणि पिकल्यावर जांभळी-काळी होणारी फळं. रिसर्पिनची मागणी वाढल्यावर जंगलातून मुळ्या इतक्या खणल्या गेल्या की आता तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या दुर्मीळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या कराराचं नियंत्रण आहे. औषध मुळीत असल्यामुळे काढणी म्हणजे अख्खं झाड गेलं.

आणि तुमच्या दुसऱ्या वाटेवरही आपलं एक झाड उभं आहे: खाजकुइली! जिच्या शेंगांची कुसं अंगाला लागली की माणूस खाजवून हैराण होतो, तीच. तिच्या बियांत एल-डोपा असतं. मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ मध्येच ते बियांतून वेगळं केलं होतं. म्हणजे कार्लसन यांच्या सशांच्या वीस वर्षं आधी. तेव्हा त्याचा मेंदूशी संबंध असेल हे कुणाच्या गावीही नव्हतं. आयुर्वेदात कपिकच्छू किंवा आत्मगुप्ता म्हणून तिचा वापर होतोच.

हे वाचून कुणी घरी मुळ्या-बिया कुटायला बसू नये ही कळकळीची विनंती. दोन्हींचा परिणाम खरा आहे, म्हणूनच मात्रा चुकली तर धोकाही खरा आहे.

कातळ

धागा आवडला, पण मला अजून पुढे जायचंय. कमतरता सापडली नाही म्हणता, मग नैराश्यावरच्या या गोळ्या कशाच्या जोरावर विकल्या जातायत? नोकरी गेली, कर्ज झालं, घरात मारहाण आहे, अशा माणसाला 'तुझ्या मेंदूत रसायन कमी आहे' सांगून घरी पाठवणं हा माझ्या मते अन्याय आहे. प्रश्न समाजाचा आणि गोळी माणसाला.

जनुकांचंही तेच. १९९३ मध्ये नेदरलँड्समधल्या एका कुटुंबातल्या आक्रमक पुरुषांत एमएओए नावाचं जनुक निकामी असल्याचं सापडलं. ते फार दुर्मीळ प्रकरण होतं. पण हळूहळू त्या जनुकाच्या सर्वसाधारण, जरा कमी काम करणाऱ्या प्रकारालाच 'योद्धा जनुक' म्हणायला लागले. २००९ मध्ये इटलीत त्रिएस्तेच्या अपील न्यायालयाने एका खुनाच्या आरोपीची शिक्षा वर्षभराने कमी केली, आणि त्यात या जनुकाचाही विचार झाला. माणूस गेला कुठे यात?

डॉ_उत्तररात्र

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. कातळ यांच्या संतापातला अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे, अर्ध्याशी मी ठामपणे असहमत आहे.

आधी मान्य असलेला भाग. सेरोटोनिनची गोष्ट रुग्णाला सांगायला सोपी पडते. दाराबाहेर चाळीस माणसं बसलेली असताना ती सांगितली जाते. ती शास्त्र म्हणून टिकत नाही याची एक साधी खूण आमच्यासमोर रोज असते: या गोळ्या सेरोटोनिनवर काही तासांत परिणाम करतात, पण रुग्णाला बरं वाटायला काही आठवडे लागतात. नुसती कमतरता भरून निघायची असती तर एवढा काळ का लागावा?

पाऊलवाट ताईंच्या पहिल्या वाटेत एक महत्त्वाची गोष्ट जोडतो. रिसर्पिनने नैराश्य येतं, हा त्या मांडणीचा पायाच कच्चा होता. १९५५ मध्येच लंडनच्या मॉड्सले रुग्णालयात डेव्हिस आणि शेफर्ड यांनी चिंता आणि नैराश्याच्या रुग्णांना चिठ्ठी टाकल्यासारखं दोन गटांत वाटून एका गटाला रिसर्पिन आणि दुसऱ्याला निष्क्रिय गोळी दिली. रिसर्पिन घेणाऱ्यांना बरं वाटलं! हा निबंध लॅन्सेटमध्ये छापून आला आणि मग विस्मरणात गेला. सिद्धांताला सोयीच्या नोंदी राहिल्या, गैरसोयीची चाचणी मागे पडली. हे फार वेदनादायक आहे, कारण चाचणी म्हणून ती त्या नोंदींपेक्षा कितीतरी भक्कम होती.

आता असहमतीचा भाग. औषध कसं काम करतं हे न कळताही ते काम करतं की नाही हे तपासता येतं. डॉ. वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाब उतरलेला दाखवला तेव्हा मेंदूतले साठे रिकामे होतात हे कुणालाच माहीत नव्हतं. नैराश्याच्या २१ औषधांवरच्या ५२२ चाचण्या एकत्र करून सिप्रियानी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये विश्लेषण केलं. सगळी औषधं निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरली. फरक सरासरीने मध्यम आहे, प्रत्येकाला सारखा गुण येत नाही. पण तीव्र नैराश्यात जेवणखाण सोडलेला माणूस पुन्हा उठून कामाला लागलेला मी पाहतो, आणि ते थोतांड नाही. हा धागा वाचून कुणीही चालू गोळी आपल्या मनाने थांबवू नका. एकदम थांबवल्यास त्रास होतो. डॉक्टरांशी बोलून, हळूहळू.

आणि 'प्रश्न समाजाचा' हेही नेहमीच खरं नसतं. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या वेड्यांच्या इस्पितळांत असे कितीतरी रुग्ण असत ज्यांना चाळिशीत अचानक आपण सम्राट असल्याचा भास होई, वागणं बेताल होई, मग लकवा आणि मृत्यू. कुणी चारित्र्याला दोष देई, कुणी जीवनाच्या धकाधकीला. १९१३ मध्ये नोगुची आणि मूर यांनी अशा रुग्णांच्या मेंदूत उपदंशाचे जंतू दाखवले. पेनिसिलिन आल्यावर हा आजार जवळपास दिसेनासा झाला. आज एखाद्या विशीतल्या मुलीला अचानक भास होऊ लागले, झटके आले तर आम्ही मेंदूवर हल्ला करणारी प्रतिपिंडं तपासतो. हा प्रकार दालमाऊ यांनी २००७ मध्ये ओळखला. त्याआधी अशा मुलींचं काय होत असेल, कल्पना करा. अंगात आलंय म्हणून देवऋषाकडे नेणं किंवा मनाचा आजार म्हणून कायमचं कोंडून ठेवणं. जैविक तपास हा अशा माणसांवरचा उपकार आहे.

कातळ

डॉक्टर, उपदंशाचं उदाहरण मान्य. पण बघा, तुमची सगळी भक्कम उदाहरणं अशी आहेत जिथे जंतू, प्रतिपिंड किंवा मेलेल्या पेशी प्रत्यक्ष सापडल्या. माझी हरकत उरलेल्यांबद्दलच आहे.

पाऊलवाट

@कातळ, हीच तर धाग्याची मूळ तक्रार आहे. आपण दोघं एकाच बाजूला आहोत.

खडीसाखर

पहिल्यांदाच लिहितेय, वाचनमात्र असते एरवी.

माझ्या वडिलांना कंपवात आहे. एल-डोपा होतंच, त्यात डोपामिनसारखं काम करणारी आणखी एक गोळी वाढवली. हात सुधारला, चालणं सुधारलं. पण काही महिन्यांत बाबा रात्रभर मोबाइलवर पैसे लावून रमी खेळायला लागले. आयुष्यभर ज्यांनी पत्त्याला हात लावला नाही, एकेक रुपया वहीत लिहिला, ते बाबा. फंडातले पैसे गेले. आईने त्यांच्याशी बोलणं टाकलं, काका म्हणाले म्हातारचळ लागलाय. मीही फार कडू बोलले.

दुसऱ्या एका डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "जुगार, खरेदी, खाणं, असं काही अचानक वाढलंय का?" त्यांनी ती गोळी टप्प्याटप्प्याने कमी केली आणि रमी थांबली. आपोआप. बाबांना आता त्या दिवसांची लाज वाटते आणि आम्हाला आमच्या बोलण्याची. त्यामुळे मला हा विषय पुस्तकी वाटत नाही. रमी खेळणारे कोण होते? बाबाच ना? की गोळी?

डॉ_उत्तररात्र

@खडीसाखर, लिहिलंत हे फार चांगलं केलंत. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल या गटातल्या गोळ्यांचा हा ओळखीचा दुष्परिणाम आहे. सगळ्यांना होत नाही, पण ज्यांना होतो त्यांच्या घरात असंच घडतं, कारण कुणी आधी बजावलेलं नसतं. ही गोळी सुरू करताना रुग्णासोबत घरच्यांनाही सांगितलं पाहिजे. रुग्णाला स्वतःला ते बदललेलं वागणं बदललेलं वाटतच नाही. डोपामिनचं काम फक्त हालचालीपुरतं नाही, बक्षिसाची ओढही त्याच्याशी जोडलेली आहे. हालचालीच्या भागात ते घटलेलं असतं, ओढीशी निगडित भागात बऱ्यापैकी शाबूत असतं. बाहेरून दिलेली गोळी हा भेद करत नाही. म्हणून एकीकडे उणीव भरते आणि दुसरीकडे ओसंडतं.

पाऊलवाट

खडीसाखर, तुमच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. पण एक सांगते. गोळी सगळ्यांना मिळते, जुगार सगळे खेळत नाहीत. आणि वीस वर्षांपूर्वी हीच गोळी दिली असती तर मोबाइलवरची रमी नव्हती. गोळीने ओढ वाढवली. ती कुठे जाऊन लागली हे घरातल्या फोनने आणि त्या जाहिरातींनी ठरवलं. बाबांच्या चारित्र्याचा निकाल त्यावरून लावू नका, आणि तुम्ही बोललात त्याचं ओझंही बाळगू नका. ज्यांनी आधी सांगायला हवं होतं त्यांनी सांगितलं नव्हतं.

भिंगरी_

टीवायबीएला आहे, मानसशास्त्र घेऊन. जुळ्यांचे अभ्यास यात कुठे बसतात? आमच्या नोट्समध्ये 'स्किझोफ्रेनिया ८० टक्के आनुवंशिक' असं लिहिलंय. म्हणजे आई-वडिलांना असेल तर मुलाला ८० टक्के शक्यता असं धरायचं का?

पाऊलवाट

नाही, अजिबात नाही! हा फार मोठा गैरसमज आहे आणि त्यापायी लग्नं मोडतात, म्हणून सविस्तर सांगते.

आई किंवा वडील यांपैकी एकाला हा आजार असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता साधारण १० टक्क्यांच्या आसपास सांगतात, ८० नव्हे. गॉट्समन यांनी जुन्या अभ्यासांचं जे संकलन केलं त्यात हुबेहूब सारख्या जुळ्यांपैकी एकाला आजार असेल तर दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण ४८ टक्के होतं, साध्या जुळ्यांत १७. दोन्ही आकडे एकत्र वाचा. ४८ आणि १७ यांतला फरक सांगतो की जनुकांचा वाटा मोठा आहे. आणि ४८ हे १०० नाहीत, म्हणजे सगळी जनुकं सारखी असूनही निम्म्याहून जास्त वेळा दुसरं भावंड त्यातून सुटतं. '८० टक्के' हा आकडा एखाद्या लोकसंख्येत माणसामाणसांत जे फरक दिसतात त्यांतला किती भाग जनुकांमधल्या फरकांशी जुळतो याचा आहे. एका माणसाच्या नशिबाचा नाही.

आणि आनुवंशिक म्हणजे अटळ, हेही डोक्यातून काढ. १९३४ मध्ये नॉर्वेत एका आईने आपल्या दोन मतिमंद मुलांच्या लघवीला चमत्कारिक वास येतो हे लावून धरलं. डॉ. फोलिंग यांनी त्या तक्रारीची दखल घेतली आणि पीकेयू हा आजार सापडला. एका जनुकातला दोष, पूर्णपणे आनुवंशिक. उपाय? आहारात फेनिलअॅलानिन हा प्रथिनांतला घटक अगदी बेताचा ठेवायचा. जन्मल्यावर लगेच तपासणी करून आहार सांभाळला तर मुलाची बुद्धी सर्वसाधारण वाढते. दोष जनुकात, उपाय ताटात.

भिंगरी_

खूप खूप आभार मॅम. मग परीक्षेत नैराश्याचं जैविक स्पष्टीकरण विचारलं तर लिहायचं काय? गाइडच्या विरुद्ध लिहिलं तर मार्क जातील.

पाऊलवाट

विरुद्ध लिहूच नकोस, पुढे लिही. मोनोअमाइन सिद्धांत काय म्हणतो ते नीट लिही, १९६५ आणि १९६७ ची नावं दे, त्यामागे रिसर्पिन आणि इप्रोनियाझिडची निरीक्षणं होती हे सांग. मग 'मूल्यमापन' म्हणून तीन मुद्दे: प्रत्यक्ष कमतरतेचा सातत्यपूर्ण पुरावा नाही, परिणाम दिसायला आठवडे लागतात, आणि १९५५ ची मॉड्सलेची चाचणी उलट दिशेला बोट दाखवते. तुलनेला कंपवात घे. मी पेपर तपासते. असं उत्तर आलं तर तपासणारा मार्क कापत नाही, सुखावतो.

गोदाकाठ

विषयाला थोडं सोडून, पण विचारतोच. आई ६८ वर्षांची, पक्की शाकाहारी. वर्षभरात चिडचिड वाढलीय, नावं विसरते, तळपायाला मुंग्या येतात म्हणते. वय झालं म्हणून आम्ही सोडून देत होतो. काही तपासण्यासारखं आहे का?

डॉ_उत्तररात्र

विषय अजिबात सुटलेला नाही. ब-१२ तपासून घ्या, याच आठवड्यात. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुणे परिसरातल्या पुरुषांची तपासणी करून २००६ मध्ये जे छापलं, त्यात सुमारे दोन तृतीयांश लोकांत ब-१२ कमी होतं. आपल्याकडे ही कमतरता खरी आहे आणि साध्या रक्ततपासणीत कळते. विसरभोळेपणा, चिडचिड, पायाला मुंग्या हे एकत्र असेल तर आधी तिकडेच पाहायचं. सोबत थायरॉइड, साखर आणि हिमोग्लोबिनही करा. त्या मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, त्यानेही ब-१२ उतरतं. आणि रिपोर्ट येण्याआधी दुकानातून नुसत्या फॉलिक अॅसिडच्या गोळ्या सुरू करू नका. रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांचं नुकसान चालूच राहतं.

गोदाकाठ

मेटफॉर्मिन चालू आहे, सहा-सात वर्षं झाली. उद्या सकाळीच घेऊन जातो. रिपोर्ट आला की इथेच कळवतो.